तंबू, गाड्या आणि कोकण किनारा : तुमचे अनुभव सांगा

डिसेंबरात आम्ही अकरा जण तीन गाड्यांतून दापोलीहून तारकर्लीला किनाऱ्याकिनाऱ्याने गेलो. मुक्काम तंबूत. चांदणं हवं म्हणून मुद्दाम पौर्णिमा गाठलेली. गुहागरला कोरड्या वाळूत तंबू ठोकले, बांगडे भाजले, दहाला आडवे झालो. अकराच्या सुमारास पायाशी गार लागलं. वाटलं, कुणाची तरी बाटली सांडली. टॉर्च लावला तर चपला निघालेल्या! ओले तंबू ओढत सुरूच्या बनात जाऊन उरलेली रात्र बसून काढली.

सकाळी जाळं आवरणारे एक काका हसले. म्हणाले, तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. पौर्णिमेचे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. शिवाय त्या दिवशी उधाण. सुक्या काटक्या-शेवाळाची ओळ दिसते, तिथवर पाणी येऊन गेलेलं असतं, ती तरी बघायचीत!

तुमचंही येऊ द्या. फजितीचं आधी.

*

वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं, एवढी भर.

आम्हाला फेरीबोटीने रडवलं. दाभोळला पोचलो तेव्हा शेवटची बोट धोपाव्याकडे निघालेली. कारण? एका गाडीला सोलकढी प्यायची होती. समोर पलीकडचे दिवे दिसतायत आणि आपण खेड-चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा घालतोय. त्या गाडीशी दोन दिवस कोणी बोललं नाही.

*

आम्ही सहा मैत्रिणी. बायकांचा खरा प्रश्न तंबूचा नसतोच, संडासाचा असतो. त्यामुळे वाळूवर नाही, भोगव्याला एका घराच्या आवारात परवानगी काढून राहिलो. माडाखाली छान सावली बघून तंबू लावला, तर काकू धावत आल्या. "थंय झोपतलास? नारळ काय इचारून पडता?" तंबू हलला. सकाळी त्या जागेवर दोन पडलेले होते. मग पेज आणि आंबोळ्या खाताना त्यांनी तेवढंच बोट दाखवलं.

*

वाळूत लोखंडी खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरा, दोरी बांधा, हातभर खोल पुरा.

*

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेळासला जाणार असाल तर किनाऱ्यावर तंबू नकोच, गावातल्या घरांत राहा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. आपला टॉर्च त्यांना समुद्र वाटतो.

*

ओल्या घट्ट वाळूवर गाडी फिरवायची हौस मीही केली. थांबवली आणि रुतली. चाकं फिरवू तितकी खाली. भरती चढत होती आणि ट्रॅक्टरवाले जेवायला घरी गेलेले. बोनेटपर्यंत पाणी आल्यावर निघाली. पुढचं गॅरेजवाल्याला विचारा.

*

शनिवारी निघतोय. अष्टमी आहे, म्हणजे सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. बरोबर?

*

बरोबर. गाडी मात्र रस्त्यावरच लाव.