प्रतिसाद: दरपत्रक पोस्टरमध्ये अडकवू नका

वर एकांनी विचारलंय की मालवण-तारकर्लीत अंध पर्यटक येतात किती, मग होमस्टेच्या साइट त्यांना वापरता येतील अशा करायचा खर्च कशाला. खर्च कसला हो त्यात! आपल्याकडच्या साइट उघडून बघा: खोल्यांचे दर, थाळी, स्नॉर्कलिंगचं पॅकेज, सगळं एका रंगीत पोस्टरवर, आणि तेच पोस्टर साइटवर डकवलेलं. अंधांना स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा टॉकबॅक किंवा एनव्हीडीए (हा तर फुकट मिळतो) तिथे पोचला की बऱ्याचदा नुसतं फाइलचं नाव वाचतो. सुरमई थाळी केवढ्याला, ते कळतच नाही. तेच दर साध्या मजकुरात टाइप केले की झालं.

समुद्राच्या फोटोवर पांढरी अक्षरं हा दुसरा लाडका प्रकार. डब्ल्यूसीएजी, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष, त्यांच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) लागतो, फेसाळ लाटेवर तो कुठून येणार? भर उन्हात फोन बघणाऱ्या डोळस माणसालाही ते वाचवत नाही.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानलाय.

आणि हो, पायऱ्या किती, न्हाणीघराचं दार किती रुंद, कमोड आहे का, हेही साइटवर लिहा. आपल्या घरांची जोती उंच. व्हीलचेअरवरच्या पाहुण्याला हे बुकिंगआधीच कळायला हवं.