किरकोळ धडकेनंतर पुढच्या चाकातून येणारी खरखर

प्रश्न
गाडी वळवताना पुढचे डावे चाक दगडी कठड्यावर आदळले. वेग नगण्य होता आणि बंपरवरचे ओरखडे व रिमवरची एक खूण याखेरीज काहीही दिसत नाही. मात्र तेव्हापासून गाडी चालू लागली की पत्र्यावर पत्रा घासल्यासारखी खरखर येते आणि वेगाबरोबर तिची लय वाढते. उभ्या गाडीत इंजिन कितीही रेस केले तरी आवाज येत नाही. गॅरेजवाल्यांनी चाक न उघडताच बेअरिंग (ज्यावर चाक फिरते तो भाग) बदलण्यास सांगितले आहे. हे निदान कितपत ग्राह्य धरावे?

उत्तर १
उभ्या गाडीत आवाज नाही, म्हणजे इंजिन, बेल्ट आणि रेडिएटरचा पंखा यांच्यावरचा संशय मिटला; दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या भागात किंवा त्याला टेकणाऱ्या एखाद्या वस्तूत आहे. खराब बेअरिंग सहसा खरखरत नाही, ते घुमते. शिवाय उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येत असल्याने डाव्या बेअरिंगचा आवाज तेव्हा वाढतो. आपल्या वर्णनावरून मला ब्रेक डिस्कमागचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीमागचा) पातळ पत्रा, म्हणजे डस्ट शील्ड, वाकून डिस्कला टेकत असावा असे वाटते. चाक काढून डिस्कच्या आतल्या बाजूला नवी चकचकीत गोल रेघ उमटली आहे का ते पाहावे. तसे असल्यास तो पत्रा हाताने किंचित मागे ओढला तरी पुरते.

उत्तर २
उत्तर १ मधले निदान पटते, पण बेअरिंग इतक्यात निर्दोष ठरवू नये. चाक उचलून, जॅकखेरीज स्टँडचा आधार देऊन, घड्याळाच्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवावे; खेळ (ढिलेपणा) जाणवला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) तपासावा. ३ आणि ९ च्या जागी खेळ असेल तर संशय टाय रॉडवर (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्यावर) जातो.

प्रश्नकर्ता
रेघ सापडली, अगदी नखाला लागेल इतकी. पत्रा सरळ केल्यावर खरखर थांबली आणि चाकात कुठेही खेळ नाही. मात्र सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सोडताच गाडी डावीकडे सरकते.

उत्तर १
मग अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घ्यावी, आणि त्याआधी टायरच्या आतल्या भिंतीवर हात फिरवावा. तिथे फुगवटा लागला तर आतले धागे तुटले आहेत असे समजावे आणि त्या टायरवर गाडी चालवू नये.