मदत हवी आहे: बहिणीचं सिझर झालंय, टाक्यांना घरी नेमकं काय लावायचं?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. धाकट्या बहिणीचं सिझर होऊन आज सातवा दिवस. कालच तिला माहेरी आणलं, आणि तेव्हापासून टाक्यांवरून घरात तीन मतं आहेत. आई म्हणते हळद खोबरेल तेलात कालवून लावू. शेजारच्या काकू म्हणतात डेटॉलचा बोळा फिरवा. सुटी देताना पोव्हिडोन-आयोडिनची ट्यूब मिळाली, पण ती किती दिवस लावायची हे कुठंच लिहिलेलं नाही.

मला फार भीती वाटते आहे. चार वर्षांपूर्वी माझंही सिझर झालं. रात्री घरीच पाणी गेलं, गाडी मिळेस्तोवर पहाट झाली, सिझर झालं दुपारी. घरी आल्यावर हेच तपकिरी मलम मी सकाळ-संध्याकाळ थापत होते. तरी नवव्या दिवशी परकर सोडला तर नाडीच्या जागी पिवळा, ओला डाग. दोन टाके उकलले, बारा दिवस ड्रेसिंग चाललं. लेकराला पाजायला धड बसता येत नव्हतं. औषध लावूनही टाके पिकले कसे, हे मला आजवर कोणी सांगितलं नाही.

आता मे महिना, पत्र्याचं घर, त्यात आईनं खाटेखाली शेगडी ठेवली आहे. बहीण घामानं निथळते. पोटाची घडी टाक्यांवर पडते, ती उचलून पाहिली तर चीर कोरडी आहे, पण डाव्या टोकाला बोटाच्या पेराएवढी लाली आहे. ताप नाही. थांबावं की आजच दवाखाना गाठावा? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद, सिस्टर (वर्धा)
ताई, आधी त्या लालीच्या कडेकडेनं बॉलपेननं रेघ काढा. लाली रेघेबाहेर गेली, तिथं गरम लागलं, टणक झालं किंवा पाणी आलं, तर त्याच वेळी निघा. फोटोवरून कोणी निदान करून देत असेल तर ऐकू नका.

तुमच्या जुन्या प्रश्नाबद्दल. अँटिसेप्टिकचं, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधाचं, मोठं काम चीर देण्याआधीच होऊन जातं. पोटाची कातडी स्पिरिटमधल्या क्लोरहेक्सिडिननं पुसून वाळू देतात. योनीमार्ग पोव्हिडोन-आयोडिननं पुसून घ्यावा अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, कारण तिथले जंतू वर चढले की गर्भाशयाला सूज येते. पाणी जाऊन बराच वेळ झालेल्या बाईला हा धोका जास्त. अँटिबायोटिकचं इंजेक्शनही चीर देण्याआधी द्यायचं असतं. तुमच्या वेळी यातलं काय झालं, काय राहिलं, हे इथून सांगता येणार नाही. पण जंतू आत शिरून बसले असतील तर वरून थापलेलं मलम त्यांच्यापर्यंत पोचत नाही. तुमच्या हातून काही चुकलं असं मनात ठेवू नका.

मिटलेल्या, कोरड्या टाक्यांना घरी रोज अँटिसेप्टिक लागत नाही. साधा साबण, स्वच्छ पाणी, आणि धुऊन उन्हात वाळवलेल्या सुती कापडानं टिपणं. चोळायचं नाही. दिवसातून दोन-तीनदा निजवून घडी वर धरा, वारा लागू द्या. डेटॉल नको, कातडी भाजते. हळद-तेलही नको, चिकट थराखाली ओल राहते. ट्यूब किती दिवस, ते सुटी देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा. आयोडिन कातडीतून शोषलं जातं आणि दुधात उतरतं, म्हणून मनानं थापत राहू नका. जखमेला हात लावण्याआधी प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे, आईनंसुद्धा.

प्रतिसाद, आशा कार्यकर्ती (मेळघाट)
शेगडीवरून माझं घरोघरी हेच चालते. मी भांडत नाही. म्हणते, माय, शेगडी अंगणात घ्या आन तिच्यावर बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी तापवा. शेगडी विझत नाही, म्हातारीचं मनही राहते. धूर बाळाच्या छातीलाही वाईट.

अन् नुसते टाकेच पाहू नका. अंगावरून जाते त्याला घाण वास, ओटीपोटात दुखणं, १००.४ च्या वर ताप, यातलं एकही दिसलं तर टाके कोरडे असले तरी दवाखाना. तुमच्या आशाताईला आजच बोलवा, सिझरवालीकडं सातव्या दिवसापासून ४२ व्या दिवसापर्यंत आमच्या भेटी ठरलेल्या असतात. गाडीसाठी १०२ लावा, सरकारी दवाखान्यात पैसे पडत नाहीत.

प्रतिसाद, दोन सिझर झालेली (अकोला)
परकर बंद करा. नाडी बरोब्बर टाक्यांवर घासते. सैल सुती गाऊन घाला.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी रेघ काढली. संध्याकाळी लाली अर्धं बोट बाहेर, ताप १००.८. १०२ ला फोन केला, रात्री नऊला दवाखान्यात पोचलो. डॉक्टरांनी कडेचा एक टाका सोडून साचलेलं पाणी काढलं, अँटिबायोटिक सुरू केलं. वरवरचंच आहे, वेळेत आणलंत म्हणाले. या औषधावर अंगावर पाजायला हरकत नाही, हेही विचारून घेतलं.

आज ताप उतरला. डॉक्टरांनी नवी रेघ काढून दिली आहे. मघाशी लाईट गेली तेव्हा आई साबणानं हात धुऊन आली आणि मोबाईलच्या उजेडात ती रेघ बघत बसली होती.