गजकर्णाची गोळी उपकेंद्रातूनच का देऊ नये?

यवतमाळची सिस्टर (धागाकर्ती)
पाऊस लागला की आमच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) खाजवाल्यांची रांग लागते. कमरेला परकराच्या नाडीखाली, जांघेत, काखेत. पिशवीतून चार-पाच पिळलेल्या ट्यूबा निघतात. परवा एक बाई म्हणाली, "सिस्टर, पंधरा दिवस क्याप्सूल खाल्ली, काहीच फरक नाही." विचारलं कशी खाता? तर सकाळी निंदणाला जाताना कोऱ्या चहावर, आणि त्याआधी गॅसची गोळी! ही बुरशीवरची इट्राकोनाझोलची क्याप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते, पोटातल्या आम्लाशिवाय ती अंगात नीट उतरत नाही. बाईने पैसे अक्षरशः पाण्यात घातले.

माझं म्हणणं असं की गोळी सुरू करायचा अधिकार ठरावीक चौकटीत उपकेंद्राच्या सीएचओला (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) द्यावा. ती गावातच असते, घर ओळखते, दर आठवड्याला विचारू शकते. पीएचसीला यायचं म्हणजे मजुरी बुडते. मग माणूस जवळच्या दुकानातून ट्यूब घेतो आणि प्रकरण चिघळतं. बोला.

गावचा एमबीबीएस
सिस्टर, कळकळ समजते, पण मी विरोधात आहे. गजकर्ण म्हणून दाखवलेला प्रत्येक चट्टा गजकर्णच असतो का? फिकट, न खाजणारा, बधिर चट्टा म्हणजे कुष्ठरोग असू शकतो. वरोऱ्याला 1949 मध्ये आनंदवन उगाच उभं राहिलं नाही. त्या चट्ट्यावर तीन महिने मलम चोळलं तर मज्जातंतू गेला समजा.

दुसरं, बुरशीवरच्या या गोळ्या निरुपद्रवी नाहीत. टर्बिनाफिन यकृतावर ताण आणू शकते आणि आपल्याकडे मोहाची घेणारे किती, ते तुम्हीच सांगा. इट्राकोनाझोल हार्ट फेल्युअरवाल्याला द्यायची नाही. फ्लुकोनाझोल आणि शुगरची ग्लिमेपिराइड एकत्र आली तर शुगर एकदम खाली येऊ शकते. ग्रिसिओफुल्विन गरोदर बाईला चालत नाही आणि दोन महिन्यांची गरोदर बाई ते स्वतःहून सांगेलच असं नाही. हे सगळं तपासून विचारायला निवांतपणा लागतो, तो उपकेंद्रात कुठून आणणार?

मेडिकलवाला भाऊ
सगळे मिळून आमच्यावरच खापर फोडता नं बाप्पा. शेतकरी येते, म्हणते "भाऊ, ते लवकर आराम पडणारी ट्यूब दे." मी निव्वळ बुरशीची क्लोट्रिमाझोल ट्यूब देली तं दोन दिवसांत परत येऊन भांडते, "बोगस माल देला का?" अन् मी नाही देली तं शेजारचा देते.

यवतमाळची सिस्टर
भाऊ, त्या "लवकर आराम"मध्ये स्टेरॉइड असतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. लाली-खाज दोन दिवसांत दबते, बुरशी मात्र आत मजेत पसरते. नंतर चट्ट्याची गोल कडच पुसट होते, ओळखायलाही येत नाही. जांघेत चामडी पातळ होऊन कायमच्या भेगांसारख्या रेघा उमटतात. 2018 मध्ये केंद्राने 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. तुम्ही चिठ्ठी मागता?

मेडिकलवाला भाऊ
मागतो नं. कधीकधी.

वर्ध्याची निवृत्त सिस्टर
डॉक्टरसाहेब, एक विचारू? 2021 मध्ये काळी बुरशी आली तेव्हा वॉर्डात अ‍ॅम्फोटेरिसिन बी हे इंजेक्शन कोणी चालवलं? आम्ही बायांनीच. डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, सलाईनमध्ये घातलं की गाळ होतो. हळूहळू तासन्‌तास सोडायचं. आधी पॅरासिटामॉल, तरीही पेशंट हुडहुडी भरून पलंग हलवायचा. लघवी मोजायची, पोटॅशियम पडलं का पाहायचं. औषधाची एवढी टंचाई होती की आमच्या वर्ध्यातच ते बनवायला घ्यावं लागलं. एवढं निभावणाऱ्या नर्सला टर्बिनाफिनची 250 ची गोळी झेपणार नाही म्हणता? मले तं हसू येते.

गावचा एमबीबीएस
बाई, तुमच्या कामाबद्दल शंका नाही. पण तिथे ऑर्डर डॉक्टरांची होती आणि किडनीचा, म्हणजे क्रिएटिनिनचा, रिपोर्ट हाताशी होता. उपकेंद्रात लिव्हरचा रिपोर्ट कोण देणार? शिवाय टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशी आता आहेच. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, 2020 मध्ये नाव पडलं, त्या नावातच आपण, म्हणजे इंडिया, आहोत. उद्या गावोगाव अर्धवट कोर्स वाटले तर उरलंसुरलं औषधही हातचं जाईल.

धानवाली, पवनी तालुका
तुमचं भांडण चालू द्या. आमच्या इकडे रोवणीत दिवसभर चिखलात पाय, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, चिखल्या होतात. मलम लावा म्हणतात, कधी लावू? रात्री पाय कोरडे करायला घरात एकच दुपट्टा, तोच सासऱ्याचा, तोच पोराचा. मला गोळी दिली आणि घरातल्या बाकी चौघांना नाही, तर पुढच्या महिन्यात पुन्हा मीच रांगेत. हे कोणत्याच डॉक्टरनं मला विचारलं नाही, आशाताईनं विचारलं.

यवतमाळची सिस्टर
ताई, माझं घोडं नेमकं इथेच अडलंय. चट्टा गेला तरी मलम आणखी दोन आठवडे लावायचं, चट्ट्याबाहेर दोन बोटं लावायचं, चड्डी-परकर गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, घरातल्या खाजणाऱ्या सगळ्यांना एकदमच औषध द्यायचं. हे दारात जाऊनच सांगता येतं.

डॉक्टरसाहेब, लिव्हरचा मुद्दा मान्य. दारू, कावीळ, गरोदरपण, हृदयाचा त्रास किंवा शुगरच्या गोळ्या असतील तर सीएचओने गोळी द्यायचीच नाही, सरळ तुमच्याकडे पाठवायचं. बाकीच्यांची पहिली चिठ्ठी ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन डॉक्टर सेवेवर) फोटो पाहून तुम्ही द्या, पुढच्या गोळ्या उपकेंद्रातून.

गावचा एमबीबीएस
फोटोत बधिरपणा दिसत नाही, सिस्टर.

यवतमाळची सिस्टर
बॉलपेनचं टोक टेकवून मी बघते ना. डोळे मिटायला लावते आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगते. तेवढं सीएचओलाही येतं.

गावचा एमबीबीएस
मग आधी मला दहा पेशंट तसे तपासून पाठवा. पोळ्यापर्यंत पाहू. गोळीचं त्यानंतर.

धानवाली, पवनी तालुका
पोळ्यापर्यंत रोवणी होऊन जाते साहेब.