चालत्या गाडीत इलेक्ट्रॉनिक हँडब्रेकचं बटण ओढलंय का कधी? अनुभव सांगा

जुळे सोलापूरकर :
मंडळी, गेल्या रविवारी जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून धागा काढलाय. तुळजापूरहून दर्शन करून घाट उतरत होतो, मागं आई आणि पोरगी, शेजारी बायको, स्पीड पन्नासच्या आसपास. पुढं एसटी होती, तिचे लाल लाइट लागले म्हणून पाय दिला तर पेडल अर्ध्यात जाऊन टक्कन अडकलं. नंतर कळलं की पोरीची स्टीलची बाटली मागच्या सीटखालनं घरंगळत येऊन बरोब्बर पेडलच्या मागं बसलेली. त्यावेळी फक्त एवढंच कळलं की ब्रेक नाही.

माझी आधीची गाडी दांड्याच्या हँडब्रेकची. हात सवयीनं दांडा शोधायला गेला, तिथं दांडा कुठला, बोटाएवढं बटण, त्यावर गोलात पी. ओढलं. वाटलं होतं मागची चाकं घासत गाडी आडवी होणार आणि आम्ही सगळे दरीत. तसलं काहीच झालं नाही, टिंग टिंग टिंग आवाज सुरू झाला, समोर लाल अक्षरं आली आणि गाडी सरळच्या सरळ दाबत थांबायला लागली. मी घाबरून बोट सोडलं तर ब्रेक पण सुटला! परत ओढलं आणि धरून ठेवलं. एसटीच्या मागं हातभर अंतर राहिलं असंल. आई मागनं म्हणाली "एवढ्या जोरात का दाबतो रे ब्रेक", तिला आजही माहीत नाही.

बाटलीला पोचा आलाय, ठेवलीय तशीच. तर कुणी कुणी हे बटण चालत्या गाडीत वापरलंय, मुद्दाम किंवा चुकून, लिहा.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड :
बरं झालं विषय काढला, माझ्याकडं दहातली आठ गिऱ्हाइकं म्हणतात की ते बटण फक्त पार्किंगला. पार्किंगला हायच, पण बहुतेक गाड्यांत चालू गाडीत ते ओढून धरलं की काम वेगळं होतं. गाडी उभी असंल तर मागच्या कॅलिपरवरच्या (चाकाला पॅड दाबून धरणारा भाग) दोन बारक्या मोटरी घुर्रर्र करून पॅड आवळतात, तो आवाज तुम्ही रोज ऐकता. पण गाडी पळत असंल तर कॉम्प्युटर त्या मोटरींना हात लावत नाही, तो एबीएस-ईएससीच्या, म्हणजे चाकं जाम आणि गाडी आडवी होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या पंपाला सांगतो आणि पंप चारी चाकांना ब्रेक ऑइलचं प्रेशर देतो. म्हणून साहेबांची गाडी आडवी झाली नाही, एबीएस चालू होतं, मागं ब्रेक लाइट पण लागला असणार. आणि पेडलखाली बाटली असू दे नाहीतर बूट, पंपाला तुमच्या पायाची गरजच नाही. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर मेला तरी पंप चालतो.

ऑइलच गळून गेलं तर मात्र पंप तरी काय दाबणार. मग बऱ्याच गाड्यांत मागच्या मोटरीच कामाला लागतात, चाक जाम व्हायला लागलं की सैल सोडतात, परत आवळतात. फक्त मागची दोन चाकं, त्यामुळं थांबायला लांब जातं, पण थांबतं. बोट सोडलं की ब्रेक सुटतो तेही मुद्दामच ठेवलंय, एखाद्यानं चुकून ओढलं तर गाडी रस्त्यातच थांबून बसू नये म्हणून.

आता एक रडगाणं. मागचे पॅड बदलताना ह्या गाड्या आधी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून सर्व्हिस मोडला टाकाव्या लागतात, म्हणजे मोटर मागं सरकते. परवा एक गाडी आली, आधीच्यानं सी-क्लॅम्प लावून पिस्टन दाबून बसवलेला, आतलं गिअर तुटलं. हजार रुपये वाचवायला गेले आणि आख्खा कॅलिपर गेला. पॅड बदलायला देताना "स्कॅनर आहे का" एवढं विचारा की ओ.

आसरा चौक बॉय :
माझ्याकडं बटणवाली नव्हती, दांडावाली जुनी हॅचबॅक, पण अनुभव तोच धरा. पहिला पाऊस, होटगी रोड, समोर म्हैस. ब्रेक दाबला, स्लिप व्हायलालंय वाटलं म्हणून शहाण्यासारखा दांडा पण खेचला. अबे गाडी जागेवर भिंगरी! आधी म्हैस दिसली, मग दुकानं दिसली, मग परत म्हैस. म्हैस हललीच नाही, रवंथ करत बघलालती. दांड्यानं तार ओढली जाते, मागची दोन चाकं जाम, आणि ती जाम झाली की गाडीचा मागचा भाग पुढं यायला बघतो, हे मला मित्रानं नंतर चहा पिताना समजावलं. त्या दिवसापासनं दांडा फक्त सिग्नलला.

मोहोळची माहेरवाशीण :
मी गाडी चालवत नाही, तरी लिहिते.

एकादशीला पंढरपूरहून परत येत होतो. आमच्या ह्यांना शुगर आहे. गोळ्या वेळेवर घेतल्या आणि उपास पण धरला, मी सकाळपासून सांगत होते काहीतरी खाऊन घ्या. मोहोळ सोडलं, पुणे रोडला लागलो, ह्यांनी क्रूझ (पाय न ठेवता स्पीड धरून ठेवतं ते) लावलं ऐंशीवर. सावळेश्वर टोलच्या अलीकडं मी काहीतरी विचारलं तर उत्तर भलतंच आलं, जीभ जड. बघितलं तर घामानं शर्ट चिकटलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि गाडी हळूहळू डाव्या बाजूला, म्हणजे माझ्या बाजूला, ऊसाच्या ट्रॉलीकडं सरकत होती. क्रूझ असल्यामुळं स्पीड कमीच होईना. पाय कुठंच नव्हता, तरी गाडी ऐंशीनं पळतच होती.

उजव्या हातानं स्टेअरिंग धरलं. बटण मधे, म्हटलं डाव्या हातानं ओढावं, तर मी एकदम वळल्यामुळं सीटबेल्ट लॉक झाला आणि हात पोचेना. जेवढं मी ओढतेय तेवढा तो आवळतोय. मग मागं टेकले, बेल्ट सैल झाला, हळू वाकले आणि बटण वर ओढलं. हे सगळं तीन-चार सेकंदात झालं असेल, मला मात्र अख्खी वारी झाल्यासारखं वाटलं. आवाज सुरू झाला, क्रूझ सुटलं आणि गाडी थांबली, रस्त्याच्या कडेला अर्धी मातीत. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारून बाजूनं काढली आणि पुढं जाऊन थांबला, तोच पळत आला. ह्यांना गिळता येत होतं, म्हणून पाण्यात साखर कालवून घोट घोट पाजली, पर्समध्ये चहाच्या पुड्या-साखर असते माझ्या, हसा हवं तर. दहा-पंधरा मिनिटांत माणूस ताळ्यावर आला आणि पहिलं वाक्य काय तर "गाडी इथं का लावलीस".

हे बटण मला माहीत होतं ते फक्त एका कारणानं, सिग्नलला हे नेहमी मला सांगायचे "ओढ गं जरा". नाहीतर मला काय ठाऊक.

जुळे सोलापूरकर :
ताई, अंगावर काटा आला. ऐंशी म्हणजे सेकंदाला बावीस मीटर, मी आत्ता हिशोब केला.

रिटायर्ड स्टेअरिंग :
एसटीत आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. ताईंनी केलं ते शंभर टक्के बरोबर, तिथं दुसरा इलाजच नव्हता. पण नवीन पोरं हे वाचून बटणाच्या भरवशावर घाट उतरायला लागतील याची भीती वाटते. पेडल चालत असेल तर पेडलच, सगळ्यात जोराचा ब्रेक तोच. बटण म्हणजे पेडल अडकलं, गेलं किंवा चालवणाऱ्याची शुद्ध गेली तर.

तुळजापूरचा घाट काही मोठा नाही पण उतरताना लोक टॉप गिअरला ठेवतात आणि ब्रेकवर पाय घालून खाली येतात, वास येतो पॅडचा. पॅड तापले की पेडल दाबूनही गाडी पकड घेत नाही, आणि ते बटण पंपानं त्याच तापलेल्या पॅडवर दाबणार, नवे पॅड कुठनं आणणार? ज्या गिअरनं चढता त्याच गिअरनं उतरा, आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवलेलं. ऑटोमॅटिकवाल्यांनी पण, मॅन्युअल मोड शोभेला दिलेला नाही.

आमच्याकडं एअर ब्रेकच्या गाड्यांत हवा गेली की मागचे स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतात. छोट्या गाडीत तसं नाही, तिथं माणसानंच काहीतरी करावं लागतं.

विजापूर रोड, सैफुलजवळ :
माझा अनुभव उलटा. भाचा शेजारी, वय सहा, त्याला बटणाचा गोलातला पी आवडला. चाळीसचा स्पीड असताना ओढलं. गाडीनं असा हिसका दिला की डॅशबोर्डवरचा गणपती माझ्या मांडीवर. आवाजानं घाबरून पोरानं लगेच सोडलं म्हणून गाडी परत चालायला लागली, पण मागचा मोटरसायकलवाला येऊन बंपरला टेकलाच. त्याला लागलं नाही, इंडिकेटर फुटला, तीनशे रुपये दिले आणि शिव्या खाल्ल्या. चूक माझीच, सहा वर्षांच्या पोराला पुढं बसवायचंच नव्हतं.

अजून एक, मेव्हण्याच्या गाडीत हे बटण स्टेअरिंगच्या उजव्या अंगाला, दरवाज्याकडं आहे. त्याच्या बायकोला ते कधीच पोचणार नाही. मोहोळच्या ताईंचं वाचून मी त्याला फोन केला, तो म्हणाला "मला वाटलं ते डिकीचं बटण आहे". दोन वर्षं झाली गाडी घेऊन!

गड्ड्याचा पाळणा :
बॅटरी उतरली तर हे बटण सुटत पण नाही बरं का. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत गाडी लावली, लाइट चालू राहिला, परत आलो तर गाडी मेलेली आणि मागची चाकं जाम, ढकलता पण येईना. जंप स्टार्टची केबल मिळेपर्यंत दीड तास. मागचा माणूस गाडी काढायला थांबलेला, त्याच्या बायकोनं मला ज्या नजरेनं बघितलं ते विसरणार नाही.

जुळे सोलापूरकर :
हे जरा विषयाबाहेर, पण केबल मी आजच डिकीत टाकली.

ताईंचं वाचल्यावर काल सकाळी बायकोला घेऊन चिंचोळी एमआयडीसीच्या मागच्या रस्त्याला गेलो, रविवार, चिटपाखरू नाही. आधी मॅन्युअल वाचलं, आमच्या गाडीत ओढून धरायचं असं स्पष्ट लिहिलंय, काही गाड्यांत वेगळं असतं म्हणून आपापलं बघून घ्या. मी चालवतोय, स्पीड पंचवीस, तिला म्हटलं समज मी बेशुद्ध पडलो, थांबव. तिनं बटण दाबलं. खाली. गाडीला काही फरकच पडला नाही, कारण खाली दाबणं म्हणजे ब्रेक सोडणं. मी म्हटलं वर, वर! तिनं एकदा वर ओढून सोडलं, गाडी डुचकली आणि पुढं निघाली. ती म्हणाली "हे काय, टीव्हीचं बटण आहे का, एकदा दाबलं की झालं".

तिसऱ्यांदा ओढून धरलं, गाडी थांबली. मग तिनंच अजून चार वेळा करायला लावलं, शेवटचे दोन बटणाकडं न बघता, एक हात स्टेअरिंगवर. परत येताना मी केगावपाशी जरा पन्नासच्या वर गेलो तर तिचा हात आपोआप बटणाकडं गेलेला मी बघितला.

मोहोळची माहेरवाशीण :
बेल्ट लॉक होतो ते पण करून बघा एकदा. एकदम झेपावायचं नाही, आधी मागं टेकायचं.