अडीनडीला कोण उभं राहिलं? धंद्यातले, गावातले अनुभव लिहा

सातपूरचा लेथवाला
उद्या खंडेनवमी म्हणून वर्कशॉपात साफसफाई काढली होती. मागचं लोखंडी कपाट ओढलं तर भिंतीकडून एक लाकडी डबा निघाला. स्लिप गेजचा, म्हणजे अचूक माप लावायच्या पोलादी ठोकळ्यांचा सेट, ८७ पीसचा. झाकणावर खिळ्याने कोरलेलं नाव आमचं नव्हतं, शेजारच्या वर्कशॉपचं होतं. तिथेच स्टुलावर बसलो आणि सगळं आठवलं.

मार्च २००९. मंदी. आठवड्यातले तीन दिवस मशीन बंद. त्यात कंपनीकडून ६०० पीसचा लॉट परत आला, बोअर म्हणजे आतलं भोक मोठं म्हणून. ४० एच ७, म्हणजे ४० मिलिमीटरच्या भोकाला सगळी मिळून २५ मायक्रॉनची सूट. सकाळच्या पहिल्या शिफ्टच्या आत निवडून द्या, नाहीतर लाईन थांबली तर नुकसानीची डेबिट नोट तुमच्या नावाने. आणि भोक मोजायच्या आमच्या बोअर गेजचा डायलच अडकत होता, लॉट बाद झाला तोही त्याच्यामुळेच. रात्रीचे साडेनऊ, दुकानं बंद.

शेजारचे काका त्याच कंपनीला तोच माल द्यायचे. टेम्पो लावण्यावरून आमची दोनदा भांडणं झालेली. मी दारात जाऊन नुसता उभा राहिलो, काय बोलावं सुचेना. त्यांनी कारण ऐकलं, बोअर गेज काढला, तो शून्याला लावायला हा स्लिपचा डबा काढला, आणि स्वतः चप्पल घालून माझ्यासोबत आले. रात्री दोनपर्यंत एकेक पीस मोजला. ४१ बाद निघाले, बाकी चांगले. माझा लॉट पडला असता तर ती ऑर्डर आपोआप त्यांच्याकडे गेली असती हे त्यांना माहीत होतं. मला आजही त्याचं नवल वाटतं.

पुढे त्यांचं ग्राइंडिंग आणि माझं टर्निंग असे आम्ही एकत्र कोटेशन द्यायला लागलो, एकट्याला कधी मिळाली नसती अशी कामं मिळाली. त्याआधी दोन वर्षं मी हॉटेलातल्या मीटिंगांना जाऊन कार्डं वाटत होतो, त्यातून एक नट-बोल्टसुद्धा विकला गेला नाही.

तुमचे अनुभव लिहा. ओळख कशी झाली, उपयोगी कशी पडली, किंवा नाही पडली तेही.

निफाडकर
द्राक्षाची छाटणी चालू आहे मजूर बांधावर चहा घेतायत तेवढ्यात लिहितो. आमच्याकडे बागायतदार एकमेकांना फवारणीचं शेड्यूल सांगायचे नाहीत, भाऊ भावाला सांगायचा नाही, रिकाम्या बाटल्या लपवून ठेवायचे. मग २०१० ला युरोपात माल अडकला, लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे, सगळ्या नाशिक जिल्ह्याला दणका बसला. ज्याने मारलं नव्हतं त्याचाही भाव पडला. तेव्हा कळलं की शेजाऱ्याच्या टाकीत काय कालवलंय हा माझ्याही घरचा प्रश्न आहे. त्यानंतर आम्ही ११ जणांनी ठरवलं, दर शनिवारी एकाच्या बागेत जमायचं, ज्याची बाग त्याने चहा द्यायचा आणि वही उघडून दाखवायची, काय मारलं कधी मारलं किती मारलं. पहिले दोन महिने खोट्या वह्या दाखवल्या लोकांनी, मीपण एकदा दाखवली, खरं सांगतो. एका म्हाताऱ्या तात्यांनी स्वतःची चूक सगळ्यांसमोर वाचली, जीए या मणी फुगवायच्या संजीवकाचा डोस जास्त झाला होता त्यांचा, तेव्हापासून खरं बोलणं सुरू झालं. बाकी नंतर लिहितो, व्यापाऱ्याचं सांगायचंय.

गोदाकाठ
लेथवाले दादा, तो डबा परत दिलात का?

सातपूरचा लेथवाला
नाही ना ताई. काकांनी २०१२ ला जागा विकून सिन्नरला मुसळगावला शेड घेतलं, आमचं त्याच वर्षी कपाट हलवलं, डबा मागे पडला असणार. त्यांनी कधी मागितलाही नाही.

गोदाकाठ
मग उद्याच जा. पूजेच्या दिवशी दुसऱ्याचं हत्यार घरात ठेवू नये असं माझी आजी म्हणायची.

नागलीवाली ताई
आमचा इंदिरानगरचा बचत गट, १२ जणी. मुंबईच्या एका दुकानाने नागलीचे पापड मागितले ३०० किलो, वीस दिवसांत. आमच्याकडून फार तर ८० झाले असते. नाही म्हणावं तर परत कोण विचारणार? एका प्रदर्शनात आमच्या बाजूच्या टेबलावर हरसूलकडच्या बायका बसल्या होत्या, दुपारी डबा एकत्र खाल्ला होता, त्यातल्या एकीने जाताना वहीच्या कागदावर नंबर लिहून दिलेला. तो कागद मी मिसळणाच्या डब्यात ठेवला होता, का ठेवला माहीत नाही. तिला फोन केला. तिने तिच्याकडचे तीन गट जोडून दिले.

पण एकत्र काम करणं म्हणजे काय ते पुढे कळलं. पहिला माल आला तर प्रत्येक गटाचा पापड वेगळा. कोणाचा काळपट, कोणाचा जाड, एकीचा पापडखार इतका की जीभ चरचरते. आमच्यातल्या दोघी म्हणाल्या परत पाठवा. मी आणि अजून एक जण एसटीने हरसूलला गेलो, त्यांच्या ओट्यावर बसून त्यांच्यासोबत पीठ उकडलं, एक वाटी ठरवली मिठाची, एक चमचा पापडखाराचा, लाटायला एकाच मापाचं झाकण. नागली भिजवून मोड काढून दळायची त्यांची पद्धत आमच्यापेक्षा चांगली होती, ती आम्ही घेतली. पैशांचंही तिथेच बोललो, किलोमागे कोणाला किती, वाहतूक कोणाची, फुटलेला माल कोणाच्या खात्यात. सगळं कागदावर, ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवून. ऑर्डर दोन दिवस उशिरा गेली पण गेली.

सिडकोकर
ताई पापड अजून मिळतात का? आईला हवेत

नागलीवाली ताई
हो, उन्हाळ्याचा थोडा माल शिल्लक आहे. खाजगी निरोप पाठवते.

ओझरचा नातू
पाण्याचं लिहू का, धंदा नाही पण सहकार्यच आहे. आजोबा पाणी वापर संस्थेत होते, वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात. लहानपणी त्यांच्या तोंडून दोन नावं सतत ऐकायचो, बापू उपाध्ये आणि भरत कावळे. समाज परिवर्तन केंद्राच्या या माणसांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांना पटवलं की सरकारकडून पाणी मोजून घ्या आणि आपलं आपण वाटा. एकेक करत २४ संस्था झाल्या आणि मग सगळ्यांची मिळून प्रकल्पाची एक संस्था. राज्याचा कायदा २००५ ला आला, आमच्याकडे काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं.

आजोबा सांगायचे की सगळ्यात अवघड काम चारीचं नव्हतं, माणसांचं होतं. धरणाजवळचा म्हणतो पाणी माझ्या दारावरून जातं तर आधी मी घेणार. शेपटाकडच्याच्या शेतात फक्त ओल यायची. त्यांच्या संस्थेत पाणी शेपटाकडून सुरू करायचं ठरलं तेव्हा डोक्याकडचे तीन महिने बोलले नाहीत. आजोबा डोक्याकडचे होते. ते रोज संध्याकाळी सायकलवर शेपटाकडच्या वस्तीवर जाऊन बसायचे, काही काम नसताना. आजी चिडायची. पण पाळी चुकली, रात्री चारीचं दार कोणी उघडलं, असा वाद झाला की दोन्हीकडचे आजोबांकडेच यायचे. आज मी पुण्यात आयटीत आहे, आम्हाला टीम बिल्डिंगला रिसॉर्टवर नेतात, मला तिथे दर वेळी ती सायकल आठवते.

निफाडकर
ओझरचे भाऊ, मोहाडीची सह्याद्री बघा ना, त्याच पट्ट्यातली. विलास शिंदेंनी शेतकऱ्यांची कंपनी केली. पाण्याने आधी लोकांना एकत्र बसायची सवय लावली असावी असं मला आपलं वाटतं.
आता व्यापाऱ्याचं. २०१४ ला आमच्या गटातल्या तिघांचा माल घेऊन एक व्यापारी पळाला, माझे दोन लाख दहा हजार. खोली भाड्याची, फोन बंद, गाव परराज्यात. तिघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं की तो पैसे लांबवतोय, कारण लाज वाटते ना, आपणच फसलो असं दिसतं. त्यानंतर नियम केला, कोणीही सौदा केला की ग्रुपवर टाकायचं, व्यापाऱ्याचा फोटो, गाडी नंबर, ठरलेला भाव, पैसे कधी आले. उशीर झाला तरी टाकायचं. एकाचे पैसे अडकले की बाकीच्यांच्या बागेत त्या व्यापाऱ्याची कात्री लागत नाही. दहा सिझन झाले, बुडाले नाहीत कोणाचे. माझे ते दोन लाख गेले ते गेलेच.

सिडकोकर
दोन लाख दहा हजार 😔 वाईट वाटलं दादा. त्या वर्षी घर कसं चाललं?

निफाडकर
गटातल्या चौघांनी मिळून औषधांची उधारी स्वतःच्या नावावर घेतली माझ्यासाठी. म्हणून तर लिहितोय.

सीएची डायरी
छोट्या पुरवठादारांनी एक लक्षात ठेवा, कायदा तुमच्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला, लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५. एमएसएमई कायदा २००६ चा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. आणि आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो, म्हणून मार्चमध्ये हल्ली लोकांना फोन यायला लागलेत.

पण कायदा असून एकटा माणूस वापरत नाही हे मी रोज बघतो. तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती. माझ्या अंबडच्या चार क्लायंटचे पैसे एकाच कंपनीकडे सात-आठ महिने अडकले होते, चौघेही माझ्याकडे येऊन गुपचूप विचारायचे, एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. मी कोणाचं नाव दुसऱ्याला सांगू शकत नव्हतो. शेवटी चौघांची परवानगी घेऊन माझ्याच ऑफिसात एका टेबलावर बसवलं. चौघं मिळून परचेसवाल्यांना भेटायला गेले, आवाज न चढवता, हातात फक्त बिलांची यादी. सहा आठवड्यांत तीन हप्त्यांत पैसे आले. ऑर्डर एकाचीही गेली नाही. चौघांना एकदम तोडलं असतं तर माल कुठून आणणार होते ते?

पंचवटीतला पोरगा
२०१५ चा सिंहस्थ, पहिलं शाही स्नान २९ ऑगस्ट, त्याच दिवशी राखीपौर्णिमा. आमचं मंडळ पाणी वाटपाला. एक आजी एकट्याच बसलेल्या, हिंदी पण अर्धवट, मध्य प्रदेशातल्या कुठल्याशा गावच्या, सोबतचे लोक हरवले. फोन नंबर पाठ नाही. पदराला गाठ मारलेली त्यात फक्त एक बसचं तिकीट. तिकिटावरून रस्ता कळला, त्या रस्त्याच्या गाड्या शहराबाहेर उतरवत होते. आता तिथे आमच्या ओळखीचं कोण? माझ्या ढोल पथकातल्या एकाच्या मेव्हण्याचा तिकडे चहाचा गाडा. त्याला फोन, त्याने रिक्षावाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याने तिथल्या दुसऱ्या मंडळाच्या पोरांना, ज्यांच्याशी आमची विसर्जनाच्या मिरवणुकीत दरवर्षी वादावादी व्हायची 😄 त्यांनी माईकवरून गावाचं नाव पुकारलं. पावणेतीन तासांत आजींचा मुलगा सापडला. आजींनी आम्हा सात जणांना स्वतःच्या ओढणीच्या काठाचे धागे काढून राख्या बांधल्या. माझा धागा अजून पाकिटात आहे. २०२७ चं सिंहस्थ येतंय, त्या दुसऱ्या मंडळासोबत आत्तापासून बसतोय आम्ही.

गोदाकाठ
वाचून डोळ्यांत पाणी आलं रे पोरा.

एमबीए चालू आहे
पंचवटीच्या दादांच्या गोष्टीसारखंच आमच्या अभ्यासात आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडलं होतं की ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना ती अधूनमधून भेटणाऱ्या माणसाकडून कळली, रोजच्या जवळच्या माणसाकडून नाही. कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला असतं. परीक्षेला पाठ केलं होतं, मेव्हण्याच्या चहाच्या गाड्याने आज समजलं.

कॉलेज रोड
मला मात्र उलटा अनुभव आहे. दर आठवड्याला सकाळी सातला जमणाऱ्या एका ग्रुपमध्ये वर्षभर होतो, फी भरून. तिथे दर वेळी कोणाला तरी रेफरन्स द्यावाच लागतो, मग लोक आकडा भरायला काहीही नावं देतात. मला इंटिरियरच्या कामासाठी ज्यांचे नंबर मिळाले त्यातल्या अर्ध्यांना माझा फोन येणार हेच माहीत नसायचं. आपलं नाव दुसऱ्याच्या तोंडी घालताना आधी त्या माणसाला एक फोन करा एवढंच. ज्या एका सभासदाने तसं केलं, स्वतः मला साईटवर घेऊन गेला, त्याच्यामुळे आजपर्यंत पाच घरं झाली.

मुक्काम मखमलाबाद
मित्रासोबत पार्टनरशिपमध्ये नर्सरी केली होती. शाळेपासूनचा मित्र म्हणून काहीच लिहिलं नाही. सात वर्षांनी त्याच्या वडिलांच्या आजारपणात पैसे काढायचे झाले, किती कोणाचे यावरून तुटलं. तो चुकला असं मी म्हणत नाही, लिहिलेलंच नव्हतं तर तो तरी काय करणार. लग्नाला बोलावलं नाही त्याने मुलीच्या. नागलीवाल्या ताईंचं फुटलेला माल कोणाच्या खात्यात हे वाक्य वाचलं आणि बराच वेळ फोन खाली ठेवला.

नागलीवाली ताई
दादा, त्याच्या वडिलांची तब्येत विचारायला तरी एक फोन करा. पैशांचा विषय नको.

मुक्काम मखमलाबाद
वडील गेले त्याचे गेल्या वर्षी. पण बघतो ताई. दसरा आहे, सोनं द्यायला जाता येईल.

सातपूरचा लेथवाला
आत्ताच सिन्नरहून आलो. सकाळी आमची पूजा झाली की लगेच निघालो. काका थकलेत, मशीनवर आता मुलगा असतो. त्यांनी डबा उघडला, एकेक स्लिप कापडाने पुसून उजेडाला धरून बघितली, दोनवर गंज आलाय. मी म्हटलं नवीन सेट आणून देतो. ते म्हणाले नको, हाच पूजेत ठेवू, आणि झेंडूचं फूल वाहिलं त्यावर. मुलाकडे एका जॉबचं वायरकटचं, म्हणजे तारेने धातू कापायचं काम अडलंय, अंबडमध्ये माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना तिथूनच फोन लावून दिला.

सिडकोकर
वा दादा! ताई, पाच किलो पापड धरा माझे.

निफाडकर
दोन किलो मलापण. छाटणीचे मजूर हरसूलकडचेच आहेत, जाताना कोणीतरी आणून देईल, कुरियर नको.