‘नाइस’ म्हणजे मुळात मूर्ख. मग म्हणावं की नाही?

खडूफळा
परवा सोसायटीच्या गटावर एका आजोबांनी नातीचं चित्र टाकलं. खाली सतरा प्रतिसाद, त्यांतले अकरा नुसते ‘नाइस’. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेला माणूस मी, हात शिवशिवले. लिहिलं, की बाबांनो, नाइसचा मूळ अर्थ अडाणी, मूर्ख. लॅटिनमध्ये ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. त्यातून ‘नेस्कियुस’, काही न जाणणारा. सायन्स ज्या ‘स्किरे’तून आला, त्याच घरातला हा नन्नाचा पाढा. १३००च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत उतरला तोही ‘मूर्ख’ हाच अर्थ घेऊन.
तेव्हापासून आजोबा लिफ्टमध्ये भेटले तरी बोलत नाहीत. पण माझं मत कायम आहे: मूळ ठाऊक असलं की माणूस शब्द जपून वापरतो.

दीड_शहाणी
मास्तर, मग ‘मुग्ध’चं काय करू या? मुग्ध आणि मूढ दोन्ही ‘मुह्’ धातूचे, सख्खी भावंडं. संस्कृतात मुग्धचा एक अर्थ चक्क मूर्ख, आणि तिथून भोळा, निरागस, गोड. हा नाइसचाच प्रवास झाला की! उद्यापासून मुग्धा नावाच्या मुलींची माफी मागत फिरणार का?
‘राग’ संस्कृतात रंग, प्रेम, आसक्ती. अनुरागात ते अजून दिसतं, पण आपण राग धरतो तो वेगळाच. ‘मस्त’ फारसीतून आला, अर्थ नशेत झिंगलेला. पोहे मस्त झालेत म्हणताना कुणी पोह्यांचं तोंड हुंगत नाही.

खडूफळा
पोह्यांचं मान्य. पण राग सरकला तरी जिथे जाऊन बसला तिथे ठाम बसला. राग म्हणजे राग. नाइस मात्र सरकता सरकता पातळ झाला. मूर्ख, मग बुजरा, मग नखरेल, मग चोखंदळ, मग काटेकोर, आणि शेवटी काहीही बरं. सॅम्युएल जॉन्सनच्या १७५५च्या इंग्रजी कोशात काटेकोर, नाजूक, चोखंदळ असे अर्थ आहेत, आजचा ‘छान’ नाही. काटेकोरपणा सांगणारा शब्द आळसाचा शब्द झाला, हे माझं दुखणं.

दीड_शहाणी
म्हणजे आधी मूर्खपणाबद्दल तक्रार होती, आता पातळपणाबद्दल. गोलपोस्ट हलतोय हो मास्तर.

तारीख_पे_तारीख
वकिली कागदपत्रांचा अनुवाद करतो, म्हणून मास्तरांच्या बाजूने अर्धं मत. इंग्रजी निकालपत्रांत ‘नाइस क्वेश्चन ऑफ लॉ’ असं येतं. आमच्याकडच्या एका नवख्या मुलाने ‘कायद्याचा छान प्रश्न’ असं करून फाईल पुढे सरकवली. तिथे अर्थ आहे बारीक, सहज न सुटणारा. जुना अर्थ मेलेला नाही, कोर्टात तारखा घेत बसलाय.

बखरवाला
वॉटर्लूची लढाई १८ जून १८१५ची. दुसऱ्या दिवशी ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन हा क्रीव्ही नावाच्या इंग्रज राजकारण्याला सांगतो, की आमची तीस हजार माणसं गेली, आणि त्याच दमात म्हणतो की ही भलतीच ‘नाइस’ गोष्ट होती. आजच्या अर्थाने वाचलं तर माणूस राक्षस वाटेल. त्याला म्हणायचं होतं, थोडक्यात निभावलं.

उंटावरून
मला हा ‘मूळ अर्थ’ प्रकारच पटत नाही. मूळ म्हणजे कुठलं मूळ? जेन ऑस्टेनच्या १८१७च्या अखेरीस आलेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत हेन्री टिल्नी नायिकेची अगदी हीच टर उडवतो: आता ज्याची त्याची स्तुती या एकाच शब्दात! पण तो ‘मूळ’ म्हणून कोणता अर्थ सांगतो? टापटीप, औचित्य, नाजूकपणा. मूर्खापर्यंत तो जातच नाही, मधल्याच स्टेशनावर उतरतो आणि त्यालाच मुंबई सीएसएमटी समजतो. बरं, मास्तर लॅटिनपाशी उतरले. त्याही मागे जा, ‘स्किरे’चं नातं कापणं, वेगळं करणं अशा अर्थाच्या धातूशी सांगतात, आपला ‘छिद्’ त्याच गोतावळ्यातला. मग नाइस म्हणजे ‘न कापलेला’ म्हणा आणि कलिंगडवाल्याला सांगा.
प्रत्येक जण आपल्या सोयीच्या स्टेशनावर उतरतो आणि बाकीच्यांना चुकीच्या गाडीत बसलात म्हणून दटावतो.

दीड_शहाणी
कलिंगड 😂

सातासमुद्रापार
मेक्सिकोत राहते. इथे ‘नेसिओ’ म्हणजे हट्टी, ऐकत नाही असा. तोच लॅटिन शब्द, पण इकडच्या शाखेला काही बढती मिळाली नाही. शेजारच्या आजी माझ्या लेकाला रोज म्हणतात, आणि तो मराठी आजीला फोनवर कौतुकाने सांगतो.

नवशिका
फ्रान्समधलं नीस शहर पण यातलंच का?

बखरवाला
नाही. ते ग्रीक ‘निकाया’वरून. स्पेलिंग जुळलं एवढंच.

खडूफळा
उंटावरून, स्टेशनाचं लागलं. कबूल, मूळ दाखवून कुणाचं तोंड बंद करता येत नाही, आणि मी तेच करायला गेलो होतो. पण अकरा जणांनी चित्र न बघता ‘नाइस’ ठोकलं, हे मी अजून म्हणतो. ‘छान’ लिहिलं असतं तरी हेच म्हटलं असतं.
म्हणून काल चित्र मोठं करून नीट पाहिलं आणि आजोबांना लिहिलं: म्हशीची शिंगं किती नेमकी वळवली आहेत पोरीने.
रात्री उत्तर आलं. ती मांजर आहे.